पुणे ते सॅन फ्रान्सिस्को नक्की किती किलोमीटर आणि किती तास? बाबांच्या वहीत तीन वेगळे आकडे

मीनल_सहकारनगर

नमस्कार मंडळी. माझे आईबाबा (वय ७१ आणि ७४) मेमध्ये दादाकडे सनीवेलला (सॅन फ्रान्सिस्कोजवळ) चाललेत, पहिल्यांदाच इतक्या लांब. तिकीट अजून काढायचंय. बाबा बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट वहीत ताळा लागल्याशिवाय पुढे सरकत नाही. आत्ता त्यांच्या वहीत असं आहे की एका अंतर काढायच्या साइटवर पुणे ते सॅन फ्रान्सिस्को १३,५४० किमी आणि वेळ १७ तास १९ मिनिटं, तिकिटांच्या साइटवर तोच प्रवास कुठे साडेतेवीस तास तर कुठे तीस तास, आणि दादा फोनवर म्हणतो "अहो बाबा सोळा तासांचं विमान आहे, काय एवढं". वर निघायची आणि पोचायची तारीख एकच दिसते म्हणून बाबांना वाटतंय की साइटचंच काहीतरी चुकलंय.

तर खरं अंतर कुठलं धरायचं? येताना जास्त वेळ का दाखवतात? आणि दिल्लीवरून जाणं म्हणजे आधी उत्तरेला जाऊन मग परत पश्चिमेला वळायचं, उगीच लांबचा वळसा, असं बाबांचं ठाम मत आहे, त्यापेक्षा मुंबईहून दुबई बरं असं म्हणतात. आईचा प्रश्न एकच आहे, मधे पाय मोकळे करायला मिळणार का.

कोणी जाऊन आलं असेल तर सांगा प्लीज, रोज रात्री जेवताना हाच विषय आहे.

बाणेरचा_बाळ

बाबांना माझा नमस्कार सांगा, १९ मिनिटं धरणारा माणूस आजकाल मिळत नाही 😄

नकाशेवाला

मीनलताई, तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तिघंही वेगवेगळी गोष्ट मोजतायत.

आधी १७ तास १९ मिनिटांचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. या साइटांकडे कुठल्याही विमानाचं टाइमटेबल नसतं. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर घ्यायचं, ताशी ५०० मैल म्हणजे साधारण ८०५ किमी या वेगाने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकायचा, बस. बाबांना वहीत करून बघायला सांगा, १३,५४० भागिले ८०५ म्हणजे १६ तास ४९ मिनिटं, अधिक तीस, झाले १७ तास १९. वारा नाही, वळसा नाही, मधे उतरणं नाही. आणि मुळात पुण्याहून तिथे थेट विमान नाहीच, म्हणजे ही वेळ जे विमान उडतच नाही त्याची आहे.

आता १३,५४०. हे अंतर खरं आहे, पण ते गोलावरचं. शाळेत भूगोलात बृहद्वृत्त शिकलो होतो ना, गोलाचे बरोबर दोन सारखे भाग करणारं वर्तुळ, तेच. गोलावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो आणि भिंतीवरच्या सपाट नकाशात तो भलताच वाकडा दिसतो, कारण त्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा केलेला असतो. बाबा नकाशात बघत असणार की भारत उजवीकडे, अमेरिका डावीकडे, मग पश्चिमेलाच जायचं. तसं नाहीये.

घरात पृथ्वीचा गोल असेल (नसेल तर अप्पा बळवंत चौकात मिळेल, छोटासुद्धा चालतो) तर एक दोरा घ्या, एक टोक पुण्यावर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर आणि ताणून धरा. दोरा पुण्यातून जवळजवळ उत्तरेलाच निघतो, थोडासा पूर्वेकडे कललेला, आणि पहिलं मोठं गाव काय लागतं? दिल्ली! अगदी डोक्यावरून. मग हिमालय, तिबेट, अल्ताई पर्वत, सायबेरिया, पार ७५ अंश उत्तरेपर्यंत आर्क्टिक समुद्रात, आणि तिथून अलास्कावरून खाली कॅलिफोर्निया.

म्हणजे दिल्ली हा वळसा नाहीच, दिल्ली वाटेवरचं स्टेशन आहे. पुणे-दिल्ली हवाई अंतर साधारण ११५० किमी, दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३७०, बेरीज करा, १३,५०० च्या घरातच येते. उलट दुबई घेतलं तर पुणे-दुबई दोन हजार आणि दुबई-सॅन फ्रान्सिस्को १३ हजारांच्या थोडं वर, मिळून १५ हजार. फ्रँकफर्टवरून १५,७०० च्या आसपास. सिंगापूरवरून तर ३८०० अधिक १३,६०० म्हणजे १७,४०० होतात. वळसा मोजायचाच असेल तर दुबईचा मोजा म्हणावं.

मीनल_सहकारनगर

बापरे! दोरा लावून बघितला, भाच्याचा गोल होता. खरंच दिल्लीवरून जातो 😮 बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले "हा गोल लहान आहे, अचूक नसेल". त्यांना आकडेमोड पाहिजे. सूत्र आहे का काही?

नकाशेवाला

आहे की. सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागेल, मोबाइलमधला आडवा केला की होतो. लोहगाव (म्हणजे पुणे विमानतळ) धरा १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को विमानतळ ३७.६२ उत्तर, १२२.३७ पश्चिम. रेखांशातला फरक १९६.२९ येतो, तो १८० पेक्षा जास्त म्हणून ३६० मधून वजा करा, १६३.७१. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले १६३.७१ ची कोसाइन हे मिळवायचं, ती कोसाइन ऋण आहे म्हणून उत्तर ऋण येईल, उणे ०.५२६ च्या जवळ, घाबरू नका. त्याची उलटी कोसाइन काढली की १२१.७४ अंश. गोलावरचा एक अंश म्हणजे १११.२ किमी. गुणा.

मीनल_सहकारनगर

१३,५३७ आलं. साइटपेक्षा ३ किमी कमी. आता ते ३ किमी कुठे गेले हे विचारतायत. 🙏

नकाशेवाला

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, आणि आपण दशांश दोनच घेतले. तीन किमी तर लोहगावहून येरवड्यापर्यंत पण पुरत नाहीत, सोडून द्या म्हणा.

डिस्पॅचवाला

वरचं गणित छान आहे पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. मी काही वर्षं एअरलाइनमध्ये फ्लाइट डिस्पॅचला होतो, म्हणजे आज कुठल्या रस्त्याने जायचं आणि किती इंधन भरायचं हे पायलटसोबत ठरवणारे लोक, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडा.

पहिलं म्हणजे तिबेट. दोऱ्यावर तो सरळ येतो पण प्रवासी विमानं शक्यतो तिथून नेत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं कारण वरून जे पिवळे मास्क पडतात त्यातला ऑक्सिजन बहुतेक विमानांत दहा-पंधरा मिनिटंच पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे जवळपास पंधरा हजार फूट, खाली यायचं कुठे? त्यामुळे दिल्लीहून निघालेलं विमान एकतर पश्चिमेकडून, म्हणजे मध्य आशिया, रशिया करत जातं, नाहीतर पूर्वेकडून म्यानमार, चीन, जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून.

दुसरं, आकाश कोणाचं उघडं आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै त्यांची हवाई हद्द बंद ठेवली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांसाठी परत बंद केली. त्यानंतर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना आधी खाली गुजरातकडून अरबी समुद्रावर जाऊन मग वर चढावं लागायला लागलं आणि उत्तर अमेरिकेची काही उड्डाणं इंधन भरायला युरोपात थांबायला लागली. रशियाचं उलट आहे, २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना ते आकाश बंद, आपल्याला चालू. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या रस्त्याने आणि वेगळ्या वेळात जातात. त्यामुळे एखाद्याने दोन वर्षांपूर्वी किती तास लागले हे सांगितलं तर त्यावर फार जाऊ नका, आत्ताच्या तिकिटावर काय छापलंय ते बघा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे वारा. तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, ताशी दीडशे-दोनशे किमी तर सहज, हिवाळ्यात पॅसिफिकवर त्याहून बरीच जास्त. विमानाचा स्वतःचा वेग ९०० च्या आसपास. मागून दीडशेचा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशोबाने १०५०, समोरून आला तर ७५०. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात याने किती फरक पडतो ते बाबा काढतीलच.

याचं खरं उदाहरण सांगतो. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलं तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. लांबच्या रस्त्याने लवकर पोचलं. म्हणून म्हणतो किलोमीटर बघून तास काढू नका. आमच्या ऑफिसात अंतर हा शब्द फारसा कोणी वापरायचंच नाही, किती मिनिटं आणि किती टन इंधन एवढंच चालायचं.

येताना जास्त वेळ का, याचं उत्तर यातच आहे. पश्चिमेला तोंड करून आलात तर वारा समोरून. मग कधी रस्ता उत्तरेला ढकलतात, कधी अमेरिका ओलांडून अटलांटिकवरून आणतात म्हणजे येतानाही पूर्वेकडेच उडायचं, जातानाही पूर्वेकडे, माणूस पृथ्वीला पूर्ण चक्कर मारून घरी.

कर्वेरोड_९८

एक बावळट प्रश्न. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग पूर्वेला जाताना अमेरिका आपल्यापासून पुढे पुढे पळणार, जास्त वेळ लागायला पाहिजे. आणि पश्चिमेला जाताना नुसतं वर जाऊन थांबलं तरी अमेरिका खाली यायला पाहिजे 😅

डिस्पॅचवाला

बावळट नाही, दर पार्टीत हा प्रश्न येतो. डेक्कन क्वीनमध्ये ऑम्लेट घेऊन येणारा माणूस इंजिनाच्या दिशेने चालत असो की गार्डाच्या, त्याला तेवढेच कष्ट पडतात ना, कारण तो गाडीसोबत आधीच धावतोय. तसंच हवासुद्धा पृथ्वीसोबत फिरते आणि विमान त्या हवेत आहे. तुम्ही लोहगावहून सुटता तेव्हाच पृथ्वीचा वेग तुमच्या अंगात असतो. फरक पडतो तो हवा जमिनीपेक्षा वेगळी वाहते तेवढाच, म्हणजे वाऱ्याचा. आता जेट स्ट्रीम पूर्वेला का वाहते यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मागच्या दाराने खरं, पण उलट्या बाजूने.

बाणेरचा_बाळ

ऑम्लेट वाचून भूक लागली

सुमन_आत्या

मीनल, मी आणि आमचे हे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) लेकीकडे जाऊन येऊन असतो, त्यामुळे किलोमीटर वगैरे पुरुषमंडळींना बघू दे, मी तुला वेळ कुठे जातो ते सांगते.

तारीख एकच का दिसते हे बाबांना असं समजाव. समजा पुण्याहून ११ तारखेला रात्री साडेआठला निघाले, पावणेअकराला दिल्ली. पुढचं विमान पहाटे चारला, म्हणजे १२ तारीख लागली. सोळा तास उडाले की भारतात १२ तारखेचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. मे महिन्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, म्हणून तिथे १२ तारखेचीच सकाळ, साडेसात. दिल्लीहून पहाटे चारला निघाले आणि त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरले असं कागदावर दिसतं, साडेतीन तासात अमेरिका! नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांची घड्याळं एक तास मागे असतात तेव्हा साडेतेरा तास धरायचे. येताना बरोबर उलटं, तिथून सकाळी दहाला निघालं आणि साडेसोळा तास लागले तर दिल्लीत दुसऱ्या दिवशी दुपारी तीन. एक अख्खी रात्र कुठे गेली कळत नाही.

तर पुण्यातून दार ते दार म्हटलं तर साडेतेवीस तास प्रवासाचे, आधी लोहगावला दोन तास तरी लवकर जायचं, तिथे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगा, आणि विमानतळावरून सनीवेलला गाडीने पाऊण तास, ट्रॅफिक लागलं तर त्याहून जास्त. सव्वा दिवस धर.

मुंबईवरून म्हणशील तर विमानाचे तास कमी दिसतात पण घाट आहे ना मधे. पुण्याहून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर, रात्री मोकळा रस्ता असला तर साडेतीन तास, शुक्रवारी संध्याकाळी नाहीतर पावसाळ्यात लोणावळ्याला अडकलात तर पाच-सहा तास, त्यामुळे माणूस घाबरून सकाळीच निघतो आणि विमानतळावर बाकावर बसून डबा खातो. आमच्या एका शेअर टॅक्सीवाल्याने आम्हाला विमानाच्या आठ तास आधी नेऊन सोडलं होतं कारण त्याला वाटेत वाशीची दुसरी सवारी घ्यायची होती. हे तास कुठल्या साइटवर दिसत नाहीत. सत्तरी पार केलेल्या माणसांना मी तरी पुण्यातूनच बसवीन.

घाटातला_गणपा

आत्यांशी सहमत. नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय खरा, पनवेलच्या जवळ म्हणजे आपल्याला अंधेरीपर्यंत जावं लागत नाही, तास-दीड तास वाचतो, पण तिथून अमेरिकेची सोय तुमच्या तारखांना आहे का ते बघूनच ठरवा.

बाकी पुण्याहून थेट अमेरिका का नाही असं कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो, लोहगावची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास आहे आणि मूळ तळ हवाई दलाचा. पोटभर इंधन भरलेलं मोठं विमान तिथून उठायला धावपट्टी पुरत नाही. लुफ्तान्झाने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं ते सुद्धा छोट्या विमानाने, सगळी बिझनेस क्लास, आणि पुण्याहून निघाल्यावर मधे इंधनाला उतरायचं. फ्रँकफर्टलाच ही तऱ्हा. पुण्यासाठी पुरंदरला होणार म्हणतात त्या नव्या विमानतळाबद्दल मी काही बोलत नाही, माझं वय झालं ऐकून ऐकून.

बाणेरचा_बाळ

पुरंदर विमानतळावरून पहिलं विमान माझी नातवंडं पकडतील, मी निरोप द्यायला जाईन

सुमन_आत्या

एक राहिलं, सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट एकाच बुकिंगवर घ्या. पुणे-दिल्ली वेगळं स्वस्तात काढलं आणि दिल्ली-अमेरिका वेगळं काढलं की पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी हात वर करते. एकाच तिकिटावर असलं की बॅगा पुण्यातच थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टॅग होतात, दिल्लीत ओढत फिरायला लागत नाही, फक्त इमिग्रेशन दिल्लीत होतं. पुण्यातल्या काउंटरवर टॅगवर शेवटचं गाव कुठलं छापलंय ते आईबाबांनी डोळ्यांनी वाचायचं, विचारायला लाजायचं नाही. येताना मात्र साधारणपणे दिल्लीत बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर काढून परत द्याव्या लागतात, म्हणून येताना मधे चार तास तरी ठेवा.

दुबईच्या बाबतीतही हेच, पुण्याहून दुबईला नेणारी कंपनी एक आणि पुढची दुसरीच असं खूपदा असतं. वेगळी तिकिटं असली तर दुबईत बाहेर येऊन बॅगा घ्यायला लागतात आणि त्याला व्हिसा लागतो, ऐन वेळी कळलं तर रडायची पाळी.

व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा दोघांसाठी. चालता येतं म्हणून बाबा नाही म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस, दिल्लीचा टर्मिनल तीन चालून चालून पाय मोडतात, शिवाय व्हीलचेअरवाला माणूस रांगेतून बरोबर पुढे नेतो. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या तिकडच्या घड्याळाने कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आईला सांग, दिल्लीला पाच तास आहेत, पाय मोकळे होतात. विमानात दर दोन तासांनी मागच्या पँट्रीपर्यंत एक चक्कर मारायची, पाण्याचा ग्लास मागायचा निमित्त म्हणून. कडेची सीट घ्या, खिडकी नको, सोळा तासांत शेजारच्याला किती वेळा उठवणार.

मीनल_सहकारनगर

आत्या, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं, तिला फार धीर आला. बाबांनी वहीत नवीन पान केलंय, वर "दार ते दार" लिहून खाली रकाने पाडलेत. दिल्लीला तत्त्वतः मान्यता मिळाली आहे 😀

पण आता त्यांना डिस्पॅचवाले दादांसाठी दोन प्रश्न आहेत. एक, उत्तर ध्रुवावरून विमान जातं का खरंच, आणि तिथे इंधन गोठत नाही का? दोन, दोन विमानतळांमध्ये जास्तीत जास्त अंतर किती असू शकतं?

डिस्पॅचवाला

बाबांना आमच्या ऑफिसात घ्यायला पाहिजे होतं.

जातं ना. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला एअर इंडियाचं पहिलं थेट विमान आलं ते उत्तर ध्रुवावरून, कॅप्टन झोया अगरवाल आणि कॉकपिटमध्ये सगळ्या महिला पायलट. ते सरळ अंतरच १४ हजार किमीच्या आसपास आहे.

इंधनाचा प्रश्न एकदम बरोबर विचारलाय. आपल्याकडे जे जेट ए-१ भरतात ते उणे ४७ अंशांपर्यंत चालतं आणि त्या भागात बाहेर उणे साठच्याही खाली जातं कधी कधी. पण विमान वेगात असल्यामुळे हवेच्या घासण्याने पंखांचं तापमान थोडं वर राहतं, आणि टाक्या मोठ्या असल्याने इंधन थंड व्हायला तास लागतात. कॉकपिटमध्ये इंधनाचं तापमान दिसत असतं, फार खाली यायला लागलं तर विमान खालच्या, जरा उबदार थरात आणतात किंवा वेग वाढवतात. आणि अशा रस्त्यावर मधे कुठे उतरता येईल ते विमानतळ आधीच लिहून ठेवलेले असतात. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला तेव्हा ते रशियात मगादानला सुखरूप उतरलं, लोकांना दुसरं विमान येईपर्यंत तिथे राहावं लागलं पण उतरायला जागा होती, कारण ती यादी केलेली असते. हे आईंना सांगू नका हवं तर.

जास्तीत जास्त अंतर नकाशेवाल्यांना विचारा.

नकाशेवाला

पृथ्वीचा घेर ४० हजार किमी, म्हणजे कुठलंही ठिकाण दुसऱ्यापासून जास्तीत जास्त २० हजार किमी लांब असू शकतं, त्यापुढे गेलं की तुम्ही परत जवळ यायला लागता. पुण्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पॅसिफिकमध्ये नुसतं पाणी आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजारेक किमीवर. त्यामुळे पुण्याहून खरंच लांब म्हटलं तर पेरूची राजधानी लिमा वगैरे, १६,८०० च्या आसपास, सॅन फ्रान्सिस्को त्यामानाने जवळच म्हणायचं. आणि रोज उडणाऱ्या विमानांत सगळ्यात लांबचं सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किमीच्या थोडं वर, अठरा तासांहून जास्त.

मीनल_सहकारनगर

लिमाचं तुमचं उत्तर मी वाचायच्या आत बाबांनी स्वतः काढलं होतं, १६,८३०. मी आता या घरात फक्त टायपिस्ट आहे.

टोरांटो_ऑगस्ट

धागा मस्त. माझी बहीण ऑगस्टमध्ये पुण्याहून टोरांटोला शिकायला चालली आहे, हेच गणित लागू होईल का? दिल्लीवरूनच चांगलं का मग?

नकाशेवाला

पुणे-टोरांटो सरळ अंतर साधारण १२,६०० किमी. पण दोरा यावेळी उत्तर-पश्चिमेला कलतो, पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत ग्रीनलँडवरून. म्हणजे दिल्ली थोडी बाजूला पडते, तरी फार नाही, आणि युरोपमार्गे गेलात तर सॅन फ्रान्सिस्कोएवढा मोठा वळसा बसत नाही. ऑगस्टमध्ये टोरांटो साडेनऊ तास मागे.

सुमन_आत्या

ती शिकायला चालली आहे म्हणजे दोन मोठ्या बॅगा असणार. किलोमीटर राहू दे, एकाच तिकिटावर दोन बॅगा बसतायत का ते आधी बघ, आणि युरोपमार्गे असेल तर त्या विमानतळावर ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे कंपनीला विचारून घे, आमच्या ओळखीतल्या एका मुलीला पुण्यातल्या काउंटरवरूनच परत पाठवलं होतं.

टोरांटो_ऑगस्ट

हे माहीतच नव्हतं, आजच विचारते. थँक्यू आत्या 🙏